हरणांचा चारा कोणी भरला?

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगरांत शिकारीसाठी राखलेल्या विस्तीर्ण जमिनी आहेत. तिथला हिवाळा कडक. गवत संपले की हरणे जगवण्यासाठी काही मालक वैरण, सलगम, मका टाकतात. चारा, मजुरी आणि कुंपण महागले की हरणे पोसणे परवडत नाही, अशी ओरड होते. ओरड खोटी नाही. पण खर्चाची वही उघडायचीच, तर ती पहिल्या पानापासून उघडली पाहिजे. पहिल्या पानावर मालकाचे नाव नाही.

एकोणिसाव्या शतकात या डोंगरांतून आधी माणसे हुसकली गेली आणि मेंढ्या आणल्या गेल्या. पुढे लोकरीचे भाव पडले, तेव्हा मेंढ्यांच्या जागी हरणे आली. धनिकांना शिकार भाड्याने देणे अधिक किफायतशीर होते. १९१२ च्या सुमारास अशी 'हरणांची जंगले' सुमारे ३५ लाख एकरांवर पसरली होती. नाव जंगल, झाडे मात्र विरळ. उघड्या माळावर उपाशी पडलेले हरीण खाली उतरे. खाली कोण होते? क्रॉफ्टर, म्हणजे जमीनदाराचा लहानसा तुकडा कसणारी कुळे. त्यांचे ओट आणि बटाटे हरणांनी खाल्ले. १८८३ साली नेमलेल्या नेपियर आयोगासमोर या कुळांनी साक्षी दिल्या. रात्र-रात्र जागून शेत राखावे लागते, आणि हरीण मारण्याची मात्र बंदी! शिकारीचे भाडे मालकाच्या खिशात आणि हरणांचा चारा कुळाच्या शेतातून, असा हा व्यवहार होता. तो खर्च कोणत्याही वहीत लिहिला गेला नाही, म्हणून तो 'खर्च' ठरला नाही.

या इतिहासाचे एक टोक आपल्या दारापर्यंत येते. लुईस हे बेट १८४४ साली जेम्स मॅथेसनने विकत घेतले. त्याचा पैसा चीनमधल्या अफूच्या व्यापाराचा होता. त्या व्यापारात बंगालच्या अफूबरोबर शिंदे-होळकरांच्या मुलखात पिकलेली माळव्याची अफूही होती. ती मुंबई बंदरातून जात असे. इथल्या शेतकऱ्याच्या घामातून उभ्या राहिलेल्या पैशाने तिथल्या कुळांचा मालक घडवला.

याच बेटावर पार्क नावाचा भाग आहे. तिथली गावे उठवून मेंढ्या ठेवल्या होत्या. मेंढ्यांचा पट्टा संपला, तेव्हा भूमिहीनांनी जमीन मागितली. ती त्यांना मिळाली नाही, हरणांना मिळाली. नोव्हेंबर १८८७ मध्ये शेकडो माणसे त्या रानात शिरली. त्यांनी तंबू ठोकले, हरणे मारली आणि उघडपणे शिजवून खाल्ली. बेत आखणाऱ्यांत डोनाल्ड मॅक्रे नावाचा शाळामास्तर होता, हे आपल्या शिक्षकांनी ध्यानात ठेवावे. सरकारने सैनिक धाडले. जानेवारी १८८८ मध्ये एडिंबरोच्या न्यायालयात मॅक्रे आणि त्याचे साथी दंग्याच्या आरोपातून सुटले. जमीन मात्र सुटली नाही.

१८८६ च्या क्रॉफ्टर कायद्याने कुळांना संरक्षण दिले. ज्याच्याकडे तुकडाही नव्हता, त्याला काहीच दिले नाही. हे आपल्याला अनोळखी नाही. १९४८ च्या कूळकायद्याने कूळ मालक होऊ शकले, पण गावकुसाबाहेरचा शेतमजूर कूळच नव्हता. म्हणून १९६४ साली दादासाहेब गायकवाडांना भूमिहीनांचा सत्याग्रह उभारावा लागला. क्रॉफ्टर अस्पृश्य नव्हता. त्याच्या सावलीचा कोणाला विटाळ नव्हता. हा फरक विसरून चालणार नाही. तरीही भुकेचा हिशेब दोन्हीकडे सारखाच मांडला गेला.

पार्कची जमीन तिथल्या रहिवाशांच्या संस्थेकडे आली ती २०१५ साली. छाप्यानंतर १२८ वर्षांनी! तेव्हा हरणांचा चारा महागला असे कोणी म्हणाले, तर त्याला एवढेच विचारावे : तो स्वस्त होता तेव्हा कोणाच्या ताटातला होता?