बोंबलाला मीठ का नाही?

रायगडच्या किनाऱ्यावर मीठ आणि मासळी एकमेकांच्या शेजारात नांदत आली. उरण-पेणच्या खाडीकाठाने आगऱ्यांची मिठागरे, आणि रेवस, थळ, वरसोलीपासून खाली मुरुडपर्यंत कोळीवाडे. इतके मीठ हाताशी असताना या किनाऱ्याचा सर्वांत नावाजलेला सुका मासा, म्हणजे बोंबील, मिठाचा कणही न लावता वाळवला जातो. बांबू रोवून आणि दोर ताणून वलांडी उभी करायची, एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरावर टाकून द्यायची. दात बारीक, आत वळलेले. एकदा अडकले की वाऱ्याने सुटत नाहीत. खिळा नको, सुतळी नको. ही रीत कोणी काढली हे विचारण्यात अर्थ नाही, अशा गोष्टींना जनक नसतो. ती अशीच का घडली, हे मात्र विचारता येते, आणि माझ्या मते त्याचे उत्तर माणसांच्या इतिहासापेक्षा माशाच्या शरीरातल्या पाण्यात अधिक सापडते.

सहज सुचणारे उत्तर मिठावरच्या कराचे आहे. इंग्रजी अमदानीत मीठ महाग होते. 1888 साली कर मणाला अडीच रुपयांवर गेला, आणि मिठागराच्या बांधावर राहणाऱ्यालाही ते फुकट उचलायची सोय उरली नाही. गरीब कोळ्याने मीठ वाचवले, म्हणून बोंबील बिनमिठाचा राहिला, असे म्हणता येईल. पण हे टिकत नाही. तोच कर, तेच ऊन आणि तीच गरिबी दक्षिण कोकणातही होती. तिथे मात्र खारा बांगडा हेच सुक्या मासळीचे मुख्य रूप. फरक माशात आहे. बोंबील सौराष्ट्र ते उत्तर कोकण या पट्ट्यात डोलजाळ्यांत भरभरून येतो आणि रत्नागिरीच्या खाली विरळ होत जातो. शिवाय 1947 मध्ये कर उठला, मीठ स्वस्त झाले, तरी वलांडीवरच्या बोंबलाला कोणी मीठ चोळू लागले नाही. कर हेच कारण असते तर कराबरोबर रीतही गेली असती.

मग पाण्याकडे वळू. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू आणि हायड्रोजनचे दोन असतात, पण ते सरळ रेषेत नसतात; मध्ये साधारण 104.5 अंशांचा कोन असतो. त्यामुळे ऑक्सिजनच्या बाजूला थोडा ऋण भार आणि हायड्रोजनच्या बाजूला थोडा धन भार राहतो. हे रेणू एकमेकांना धरतात, प्रथिनांना धरतात आणि मिठाला तर लगेच धरतात: मीठ विरघळले की सोडियमचे आणि क्लोराइडचे आयन सुटे होतात आणि प्रत्येकाभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात. जिवाणूंना नुसते पाणी असून भागत नाही, ते मोकळे लागते. म्हणून मासा टिकवण्याचे दोनच मार्ग उरतात: पाणी घालवून द्यायचे, किंवा आहे तिथेच मिठाच्या तावडीत द्यायचे. खारवणे आणि वाळवणे या एकाच कामाच्या दोन वाटा आहेत. कुठल्या माशाला कुठली, हे त्याच्या अंगावर ठरते.

आता हिशोब करू. ताज्या बोंबलात जवळपास 90 टक्के पाणीच असते. तळण्याआधी तो पाट्याखाली दाबून ठेवतात तो उगाच नाही. म्हणजे एक किलो माशात प्रथिने, क्षार आणि बाकीचा ऐवज सगळा मिळून 100 ग्रॅम. हे 900 ग्रॅम पाणी मिठाने संपृक्त करायचे ठरवले तर, 100 ग्रॅम पाण्याला सुमारे 36 ग्रॅम या दराने, सव्वातीनशे ग्रॅम मीठ लागेल. माशाच्या ऐवजाच्या तिप्पट मीठ! काही मीठ खाऱ्या पाण्याबरोबर गळून जाईल हे मान्य, तरी हाती येईल तो मासा नव्हे, माशाची चव लागलेले मीठ. बांगड्यात पाणी कमी आणि ऐवज बराच जास्त, म्हणून तिथे मिठाचे गणित जुळते. उलट बांगडा नुसता वाऱ्यावर टांगला तर तो फसतो. त्याचे मांस जाड. जाडी दुप्पट झाली की आतले पाणी बाहेर यायला साधारण चौपट वेळ लागतो, आणि तोवर आत कुजायला सुरुवात होते. त्यात त्याची चरबी. माशाच्या तेलातल्या मेदाम्लांच्या साखळीत कार्बनचे दुहेरी बंध पुष्कळ असतात, हवेतला ऑक्सिजन नेमका तिथे शिरतो आणि मासा खवट होतो. बोंबील अरुंद, चरबी अगदी थोडी. हिवाळ्यातला कोरडा वारा त्याला पुरतो. 100 ग्रॅम ऐवजाचा बोंबील 15 टक्के पाण्यापर्यंत वाळला की किलोचे सुमारे 118 ग्रॅम उरतात. बाकीचे सगळे उडाले, लाकूड न जाळता.

यावर कोणी म्हणेल, हे गणित आजचे. वलांडी बांधणाऱ्या कोळणीला आयन आणि दुहेरी बंध कुठे ठाऊक होते? बरोबर, आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती. खवट झालेला बांगडा आणि कडक वाळलेला बोंबील यांतला फरक जिभेला कळतो. ज्या घराची मासळी आगोटीनंतरही टिकली, त्या घराची रीत शेजारी उचलणार. रसायनशास्त्र इथे शोधाचे श्रेय घेत नाही, निवड याच दिशेने का झुकली एवढेच सांगते. वासाचेही तसेच. समुद्री माशांच्या पेशींत ट्रायमेथिलअमाइन ऑक्साइड नावाचा रेणू असतो, तो खाऱ्या पाण्यात पेशींचा तोल सांभाळतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचे ट्रायमेथिलअमाइन करतात, आणि तोच तो वास, ज्यावरून शहरातल्या इमारतींत भांडणे होतात. वाळवण जितकी चटकन, तितका हा वास कमी. म्हणून चांगल्या वाऱ्याच्या दिवसाची किंमत कोळीवाड्यात वेगळीच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अवकाळी पाऊस आला तर वलांडीवरचा माल बसतो, मग विमा म्हणून थोडे मीठ का नको? थोड्या मिठाने काम होत नाही, हे वरच्या हिशोबात आलेच. शिवाय मीठ स्वतःच ओलाव्याचे लोभी. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठही पाणी ओढू लागते. मिठागरातल्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असते, ते तर त्याच्याही पुष्कळ आधी. पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते तसा खारा मासाही पाझरतो. आणि मीठ म्हणजे सगळ्या जिवांचा शेवट, हेही खरे नाही. मिठागराच्या आटत आलेल्या कोंडीत पाणी गुलाबी-लाल दिसते, त्यात मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा मोठा वाटा असतो. ते मिठाबरोबर माशावर येतात आणि दमट हवेत खाऱ्या माशावर गुलाबी डाग धरतात. बिनमिठाच्या सुक्या बोंबलावर या सूक्ष्मजीवांना थारा नाही, कारण त्यांना जगायलाच दाट मीठ लागते. बुरशीचा धोका मात्र त्यालाही आहे, म्हणून पाऊस पडण्याआधी त्याला पुन्हा एकदा कडक ऊन दाखवून डब्यात घट्ट बंद करतात.