परतीची वाट विसरणारं मीठ

तव्यावर तुरटीचा खडा ठेवला की आधी तो पाघळतो, रटरटतो आणि मग फुगून त्याची लाही होते. कोरड्या खड्यात एवढं पाणी आलं कुठून? ते स्फटिकातच बांधलेलं असतं. तुरटीच्या वजनात जवळपास 45 टक्के पाणीच. पोटात असं पाणी बाळगणाऱ्या एका क्षाराने एकेकाळी अख्ख्या घराला ऊब दिली.

योहान ग्लाउबर (1604–1670) या जर्मन रसायनकाराला तो तरुणपणी ऑस्ट्रियातल्या एका झऱ्याच्या पाण्यात सापडला. पुढे त्याने तो मीठ आणि गंधकाम्लापासून बनवलाही. नाव ठेवलं ‘साल मिराबिले’, अद्भुत मीठ. लोकांनी मात्र ते पोट साफ करायलाच वापरलं.

खरं अद्भुत वेगळंच होतं. हे मीठ 32 अंश सेल्सिअसच्या जरा वर स्वतःच्याच पाण्यात विरघळतं. तेव्हा किलोमागे सुमारे 250 किलोज्यूल उष्णता गिळतं, म्हणजे एक किलो पाणी 60 अंशांनी तापवायला लागेल तेवढी. पुन्हा गोठताना ती परत देतं. शाळेत आपण जिला अप्रकट उष्मा म्हणतो, तीच ही. आणि 32 अंश म्हणजे उन्हाच्या आवाक्यातलं तापमान!

हे हेरलं बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या मारिया तेल्केश यांनी. 1948 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या डोव्हर गावी त्यांनी सूर्यघर उभारलं. आराखडा एलिनॉर रेमंड यांचा, पैसा अमेलिया पीबॉडी यांचा. तीन बायकांनी मिळून उभं केलेलं हे घर मला त्या काळातलं फार मोठं धाडस वाटतं. दक्षिणेकडच्या काचांमागे तापलेली हवा पंख्यांनी खोल्यांमधल्या कप्प्यांत जाई. तिथे पिंपांत भरलेलं होतं 21 टन ग्लाउबर मीठ.

काही हिवाळे निभले, मग पिंपं गंजली, गळू लागली. पण मुख्य दुखणं मिठाच्या स्वभावातच होतं. वितळताना त्याचा थोडा भाग स्वतःच्या पाण्यात मावत नाही, तळाशी बसतो. आणि गोठताना वरच्या पाण्याशी त्याची गाठ नीट पडत नाही. शिवाय 32 अंशांखाली गेलं तरी ते गोठायचं विसरतं. द्रवच राहतं, आणि उष्णता आतच अडकून पडते. काही वर्षांत त्या घरात नेहमीची भट्टी आली.

तेल्केश मात्र मिठाला चिकटून राहिल्या. दुधाला विरजण लागतं, तसं या द्रवालाही स्फटिकाचं बीज लागतं. ते त्यांना टाकणखारात मिळालं, सोनार डाग देताना वापरतात त्याच खारात. त्याच्या स्फटिकाची ठेवण ग्लाउबर मिठाशी जुळते, म्हणून त्याच्या कणांवर मीठ धरू लागतं. हे संशोधन त्यांनी 1952 साली प्रसिद्ध केलं. तळाशी बसणाऱ्या गाळासाठी पुढे द्रव दाट करणारी माती मिसळली गेली.

गोठायचं विसरण्याची हीच खोड सोडियम ॲसिटेटच्या शेकायच्या पिशवीत मुद्दाम जपलेली असते. 58 अंशांना वितळणारं हे मीठ थंड होऊनही द्रवच राहतं. आतली धातूची चकती टक् केली, की क्षणात पांढरे स्फटिक पसरतात आणि पिशवी हाताला गरम लागते.