एक तप, एक तास

नेवाशात शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सांगून झाली. पैठणात ती शुद्ध झाली शके 1506 मध्ये. मधली वर्षे 294, म्हणजे साडेचोवीस तपे. तपाला तास धरला, तर ग्रंथात घुसखोरी होऊन तो पुन्हा शुद्ध व्हायला एक दिवस आणि वर अर्धा तास लागला.

रात्री 12:00. प्रवरेचा काठ. करवीरेश्वराच्या देवळातल्या खांबाला टेकून ज्ञानदेव सांगताहेत, सच्चिदानंदबाबा लिहून घेताहेत. प्रत एकच आणि ती खरी.

12:30. आळंदीत संजीवन समाधी, इ.स. 1296. ‘हे माझे नव्हे’ असे सांगू शकणारा एकमेव माणूस गेला.

2:20. देवगिरीचे यादव संपले.

पहाटे 5:00. शके 1272, नामदेव गेले. ज्ञानदेवांचा आवाज कानात असलेली पिढी सरली आणि दार सताड उघडे पडले.

आत शिरणाऱ्यांत वाईट हेतूचा माणूस शोधू नका. नकलून काढणाऱ्याला जुना शब्द अडला, त्याने रोजच्या बोलण्यातला घातला. कोणी समासात अर्थ लिहून ठेवला. पुढच्याने तोही ओवीत ओढला. कीर्तनकाराला स्फुरलेली ओवी श्रोत्यांना आवडली, मग ती पोथीत का नको? ओवीला लघुगुरूचा जाच नाही, यमक जुळले की झाली. गीतेचे श्लोक सातशेच, पण एका श्लोकावर ओव्या किती याला नियम नाही. त्यामुळे मोजूनही चोर सापडत नाही. शिवाय उपरी ओवी नकलेत गेली की पुढच्या प्रत्येक नकलेत तिचा मुक्काम कायम. पुलंच्या नावावर फिरणारे, पुलंनी कधीच न लिहिलेले मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर रोज पुढे ढकलणाऱ्या आपण त्या नकलकारांना हसू नये.

सकाळी 8:50. दुर्गादेवीचा दुष्काळ. गावे ओस पडली. तिथे पोथ्या कोण सांभाळणार?

संध्याकाळी 5:00. इ.स. 1494, मलिक अहमदने अहमदनगर वसवले. छपाई अजून इकडे नाही, सगळी भिस्त बोरूवर.

रात्री 8:15. पैठणात एकनाथांचा जन्म.

मध्यरात्र उलटली. परंपरा सांगते की ज्ञानदेव नाथांच्या स्वप्नात आले : अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागली आहे, येऊन काढ. नाथ आळंदीला गेले. मला ही कथा ग्रंथाचीच वाटते. गळा आवळला होता तो पोथीचा.

12:30. भाद्रपद, कपिलाषष्ठी. नाथांनी प्रत शुद्ध केली. ग्रंथ मुळात निर्दोषच होता, पाठांतराने बिघडला, हे त्यांनी शेवटी नोंदवले आणि दाराला कडीही घातली : यात जो आपली ओवी मिसळील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. पहारा कडक, पण गाळलेल्या ओव्यांची यादी मात्र नाथांनी जोडली नाही. म्हणून इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी 1909 साली नाथपूर्व म्हणून वेगळी पोथी छापली, तेव्हा वाद पेटला. मिटवणार कशाने? सच्चिदानंदबाबांच्या हातची प्रत आजवर सापडलेली नाही.

तुमच्या माळ्यावर रुमालात बांधलेली जुनी पोथी असेल, तर ती गंगेत सोडू नका. राजवाड्यांनीच 1910 साली उभ्या केलेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आधी दाखवा.