रोलर ओढायला चालतो, कप्तान म्हणून चालत नाही

पालवणकर बाळू यांची गोष्ट आता आपल्या पोरांना थोडीफार माहीत झाली आहे. जयंतीच्या सुमारास मोबाईलवर त्यांचा फोटो फिरतो. खाली लिहिलेले असते की गुणवत्तेपुढे जात हरली, बाळूंच्या बॉलिंगने अस्पृश्यतेची दांडी उडवली. वाचायला छान वाटते. पण ही गोष्ट अर्धवट आहे आणि ती ज्यांच्या सोयीची आहे, तेच ती जास्त सांगतात. गुणवत्तेने जात मोडत असती तर बाळूंच्या हातात १८९५ सालीच कप्तानपद यायला हवे होते. ते कधीच आले नाही. त्यांच्या धाकट्या भावाला ते मिळाले १९२३ साली, आणि तेही तीन वर्षांपूर्वी भावांनी खेळायला नकार दिला होता त्यानंतर. मधल्या काळात काय घडले, हे वस्तीत क्लब चालवणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने नीट समजून घेतले पाहिजे.

सुरुवात आपल्या पुण्यातच होते. बाळूंचा जन्म १८७६चा, धारवाडचा, चांभार कुटुंबातला. वडील फौजेत नोकरीला. बाळू आणि शिवराम ही भावंडे पुण्यात लहानाची मोठी झाली आणि साहेबांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर खेळायला शिकली. पहिली नोकरी पारशांच्या क्लबात: मैदान झाडणे, रोलर फिरवणे, मधूनमधून मेंबरांना बॉल टाकणे. पगार महिना ३ रुपये. १८९२च्या सुमारास ते कॅम्पातल्या गोऱ्यांच्या क्लबात, म्हणजे पूना क्लबात गेले. तिथे पगार ४ रुपये. नेट बांधायचे, पीच तयार करायची, टेनिस कोर्टाच्या रेघा मारायच्या. त्यातच एका साहेबाने नेटमध्ये बॉल टाकायला सांगितले, आणि डावखुऱ्या फिरकीचा एक मोठा बॉलर घडायला लागला.

जे. जी. ग्रेग हा त्या वेळचा नावाजलेला बॅट्समन. तो रोज बाळूंकडून सराव करून घ्यायचा आणि आपल्याला बाद केले की आठ आणे द्यायचा. हिशेब करून बघा: आठवड्यातून एकदा जरी ग्रेगची विकेट मिळाली तरी महिन्याला २ रुपये होतात, म्हणजे पगाराच्या निम्मे. साहेबाचे औदार्य म्हणून हा किस्सा सांगितला जातो. मला त्यात तुकड्यावर मजुरी देणारा मालक दिसतो. तासन् तास बॉल टाकणाऱ्या त्या माणसाला क्लबात कोणी बॅट हातात धरू दिली नाही. बॅटिंग हा साहेबांचा आणि राजेरजवाड्यांचा मान. बॉलिंग हे अंगमेहनतीचे काम. बाबासाहेबांनी पुढे १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये दाखवून दिले की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्या माणसांची उतरंड आहे. समाजशास्त्राच्या वर्गात हे समजायला आम्हाला अख्खे सत्र लागले. क्रिकेटच्या मैदानावर ते बावीस यार्डांत दिसते.

मग पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबापुढे पेच उभा राहिला. गोऱ्यांना हरवायचे होते आणि गोऱ्यांच्याच नेटमध्ये तयार झालेला बॉलर समोर दिसत होता. पण तो अस्पृश्य. क्लबातले तेलुगू सभासद म्हणाले घ्या, ब्राह्मण सभासद म्हणाले नको. ग्रेगने वर्तमानपत्रातून सुनावले की बाळूला न घेणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. शेवटी घेतले. का घेतले, तर सामना जिंकायचा होता म्हणून. मैदानावर बाळूंनी पकडलेला बॉल सगळ्यांच्या हातात फिरायचा, त्याला विटाळ नव्हता. चहाच्या वेळी मात्र बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर, आणि त्यांचा चहा मातीच्या भांड्यात, पिऊन फेकून द्यायच्या. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी. तोंड धुवायचे तर पाणी आणून द्यायला अस्पृश्य नोकरच हवा.

साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्धचा सामना याच काळातला. बाळूंची फिरकी चालू नये म्हणून यजमानांनी आठवडाभर पीचवर रोलर फिरवून ती टणक केली होती. तरी बाळूंनी ७ विकेट काढल्या. पुण्यात परतल्यावर सत्कार झाला. न्यायमूर्ती रानडे यांनी जाहीरपणे विचारले की बाळूसोबत खेळता, मग त्याच्यासोबत बसून खायला-प्यायला काय हरकत आहे? प्रश्न बरोबर होता. पण विचारणारे सुधारक होते आणि उत्तर द्यायचे होते क्लबाच्या कमिटीने. सत्काराचा हार घालायला पैसे लागत नाहीत आणि अधिकारही द्यावा लागत नाही. आपल्याकडे आजही हारतुरे भरपूर मिळतात.

१८९६-९७च्या प्लेगने पुणे उठवले. बाळू मुंबईला गेले, तिथल्या हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले, रेल्वेत नोकरी लागली. फेब्रुवारी १९०६मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. हिंदूंच्या २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. बाळूंच्या त्यात ८ विकेट, आणि शिवरामही संघात होते. मुंबईत त्यांना जिमखान्याच्या उपाहारगृहात इतरांसोबत बसू देत होते. पुण्याच्या मातीच्या भांड्यापासून ही एक पायरी वर, आणि 'इंडियन सोशल रिफॉर्मर'ने त्याचे भरभरून कौतुक केले. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेतले. आता गुणवत्ता सिद्ध करायला आणखी काय उरले होते?

काहीच उरले नव्हते. तरी १९१२ साली चौरंगी सामने सुरू झाले, वर्षामागून वर्षे गेली, बाळूंना कप्तान करा अशी मागणी दरवर्षी होत राहिली आणि जिमखान्याची कमिटी ती दरवर्षी बाजूला सारत राहिली. बॉलिंग चालेल, कप्तानी नको. कप्तान होणे म्हणजे ब्राह्मण खेळाडूला सांगणे, तू थर्ड मॅनला उभा राहा. मैदानावरचा हुकूम उलट्या दिशेने जायला लागतो. खरा विटाळ तिथे होता.

मग आला डिसेंबर १९२०चा हंगाम. ते वर्षच वेगळे होते. जानेवारीत बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला होता, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली होती, मे महिन्याच्या शेवटी नागपूरची. बाबासाहेब स्वतः जुलैत लंडनला गेले होते. पालवणकर भावांनी हे सगळे डोळ्यांपुढे ठेवून पाऊल उचलले असा दावा मी करत नाही. पण हवा बदलली होती हे नक्की.

हिंदू संघाचा नेहमीचा कप्तान एम. डी. पै आजारी पडला. पहिला सामना मुसलमान संघाशी. कमिटीने बाळूंना संघातूनच वगळले. ठीक, माणूस ४४ वर्षांचा झाला होता. कमिटीच्या बाजूने कोणी वयाचे कारण पुढे करू शकतो. पण शिवराम १९०६च्या विजयातला खेळाडू, विठ्ठल त्या काळचा अव्वल बॅट्समन. दोघांनाही ओलांडून कप्तानपद दिले पुण्याच्या दि. ब. देवधरांना. प्रोफेसर देवधर मोठे खेळाडू होते, पुढे महाराष्ट्राच्या क्रिकेटला त्यांनी मोठे केले, त्यांच्या नावाने पुढे स्पर्धाही सुरू झाली. त्याबद्दल वाद नाही. पण त्यांचा प्रथम श्रेणीतला पहिला सामनाच मुळी १९११चा. ज्येष्ठतेचा निकष लावला तर शिवराम पुढे होते. ब्राह्मण आणि उच्चशिक्षित असणे हा निकष लावला तरच देवधरांचा नंबर आधी लागतो.

शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून अंग काढून घेतले आणि जाहीर पत्रक काढले: जातीमुळे आम्हाला डावलले जात आहे. या एका वाक्याचे वजन आज कळायला कठीण जाते. वर्षानुवर्षे या घराण्याने कमिटीला विकेट दिल्या, धावा दिल्या, पदके दिली, आणि बदल्यात जे मिळाले ते निमूट घेतले. आता त्यांनी आपले श्रमच परत घेतले. कामगार गिरणीत करतो तेच त्यांनी मैदानावर केले. गाजावाजा झाला, वर्तमानपत्रांत चर्चा झाली. त्याच महिन्यात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात अस्पृश्यता निवारणाचा ठराव होत होता. ठराव करणाऱ्यांना आणि त्यांच्या वर्तमानपत्रांना आता जिमखान्याची बाजू घेणे अवघड होऊन बसले.

अंतिम सामन्यापूर्वी कमिटी वाकली. भाऊ परत आले, पै बरा होऊन कप्तान झाला आणि बाळूंना संघात घेऊन उपकप्तान केले. सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेला, आणि तेवढ्या वेळापुरते बाळू हिंदू संघाचे कप्तान झाले. उभ्या आयुष्याच्या क्रिकेटमध्ये तेवढेच. १९२३ साली विठ्ठल यांना रीतसर कप्तान केले आणि त्याच वर्षी संघ जिंकला. १९२५ आणि १९२६लाही जिंकला. कप्तान अस्पृश्य असला तर संघ त्याचे ऐकणार नाही, या भीतीला किती अर्थ होता ते धावफलकानेच सांगितले. विठ्ठल यांनी नंतर 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. रामचंद्र गुहा यांच्या २००२च्या इंग्रजी पुस्तकामुळे ही कहाणी जगाला कळली असे आपण म्हणतो. ती त्याआधी कितीतरी वर्षे आपल्याच भाषेत छापलेली होती, एका पालवणकरानेच लिहिलेली.

आता आपल्यातले काही जण विचारतील, आणि विचारलेही पाहिजे: बाळू तर बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले होते ना? होय. १९३२ साली याच पुण्यात, कॅम्पातल्या त्या क्लबापासून नदीपलीकडे येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला, त्यावर पी. बाळू ही सही आहे. येवल्याच्या धर्मांतराच्या घोषणेला त्यांनी विरोध केला. १९३७च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांपुढे त्यांनाच उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. फरक २,०२०चा. काँग्रेसने महार नेत्यापुढे चांभार खेळाडू का उभा केला, हे सांगायला पंडित नको. १९२०मध्ये जिमखान्याला बाळू हवे होते ते बॉलर म्हणून, १९३७मध्ये काँग्रेसला हवे होते तेही बॉलर म्हणूनच. विकेट फक्त बदलली होती. त्यांच्या राजकारणाशी आपले मतभेद आहेत आणि राहतील. पण त्या मतभेदापोटी १९२०चे पत्रक सोडून दिले तर पोटजातीचा जो डाव काँग्रेसने टाकला तो आपणच पूर्ण करतो. पुण्यातल्या वस्त्यांत आजही महारांची पोरे एका संघात आणि चांभार-मातंगांची दुसऱ्या संघात अशी वाटणी दिसते, आणि ती कोणी सवर्णाने येऊन केलेली नाही.

हे सगळे मी लिहितोय त्याला कारण आहे. आम्ही काही जण वर्गणीवर एक क्लब चालवतो. पगारी माणूस एकही नाही. गेला हंगाम वाईट गेला. ठरलेले मैदान महिनाभर मांडवात अडकले, बॉल महागले, डिलिव्हरीचे काम करणारी चार पोरे रविवारी मोकळी होईनात. अशा वेळी क्लब कशावर टिकतो हे बघत होतो. टिकतो तो सकाळी सहाला मॅट अंथरणाऱ्यावर, स्टंप आणणाऱ्यावर, वर्गणीची वही ठेवणाऱ्यावर. आणि ही कामे कोण करते? बहुतेक संघांत ठरावीक पोरे करतात: धाकटी, बोलायला लाजणारी, मागच्या गल्लीतली. मुली असतील तर त्यांच्याकडे स्कोअर आणि चहा. कप्तान मात्र ज्याच्याकडे स्वतःचे किट आहे तो. जिमखान्याच्या कमिटीचा निकष तरी यापेक्षा किती वेगळा होता?

हंगामाच्या मध्यात आम्ही बैठक घेतली. मॅट, रोलर, पाण्याचा ड्रम आणि चहा यांची पाळी लावली, नावे चिठ्ठीने काढली. मॅटची पाळी न करणाऱ्याला निवडीत मत नाही, असे ठरले. कप्तान निवडायला सगळ्यांचे मत, स्कोअर लिहिणाऱ्या मुलींचेही. वहीची जबाबदारी दर दोन महिन्यांनी बदलते. यावर बराच वाद झाला. दोन खेळाडू क्लब सोडून गेले, त्यातला एक आमचा सर्वांत चांगला ओपनर होता. जयंतीच्या स्पर्धेत आम्ही दुसऱ्या फेरीतच बाहेर पडलो. नवी कप्तान-निवड जूनमध्ये आहे. तीन नावे आली आहेत, त्यातले एक गेली चार वर्षे मॅट अंथरणाऱ्या पोराचे आहे.