वसईच्या घंटा कोणाला हाक मारीत?

वसईचे नाव निघाले की आपल्याला चिमाजी अप्पा आठवतात. १७३४ साली बडोदे गायकवाडांकडे आले. त्यानंतर पाचच वर्षांनी, मे १७३९ मध्ये, पोर्तुगीजांनी वसईचा किल्ला अप्पांच्या स्वाधीन केला. त्या मोहिमेत चर्चच्या अनेक घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या व देवळांत गेल्या. नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर १७२१ हे साल आहे. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावरील घंटेवर मरियामाता व बाळ येशू यांची आकृती आहे. भीमाशंकरलाही अशी घंटा आहे. आपण त्यांना विजयचिन्हे म्हणतो, आणि ते खरेच आहे. परंतु घंटा म्हणजे तोफ नव्हे. ती कशासाठी ओतली गेली, हेही आपण पाहिले पाहिजे.

मध्ययुगीन युरोपात शेतकऱ्याच्या घरी घड्याळ नव्हते. गावाचा दिवस चर्चच्या घंटेवर चाले. नवी घंटा आली की धर्मगुरू तिला पवित्र पाण्याने धूत, तेल लावीत आणि बहुधा एखाद्या संताचे नाव देत. मिस्सेचे बोलावणे, दिवसातील प्रार्थनेच्या वेळा, कोणी मरणाच्या दारी असल्याची खबर, आग, शत्रूची चाहूल, हे सारे घंटाच सांगे. तिच्या नादाने वादळ पांगते, अशीही समजूत होती. इंग्लंडमधील चर्चच्या जुन्या हिशेबवह्यांत घंटेच्या दोरखंडाचा खर्च वारंवार आढळतो. तो भार गावकरीच उचलीत. म्हणून ती घंटा गावाची असे.

गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांना दिली आणि त्यांच्याबरोबर हा रिवाज आपल्या किनाऱ्यावर आला. ख्रिस्ती झालेले इथले शेतकरी व कोळी त्याच नादावर उठू-बसू लागले.

देवळात मात्र घंटेचे काम निराळे. दर्शनाला आलेला भक्त ती स्वतः वाजवतो आणि आपण आल्याचे देवाला कळवतो. चर्चची घंटा उंच मनोऱ्यात असते. एक माणूस दोरी ओढतो आणि साऱ्या गावाला हाक जाते. वसईच्या घंटांना नव्या घरी नवे काम शिकावे लागले. नाशिककरांनी तर नारोशंकराच्या घंटेला आणखी एक काम दिले: गोदेचा पूर किती चढला, हे सांगताना ते तिचा दाखला देतात.

पण ज्या गावांच्या घंटा गेल्या, त्यांचे काय? पोर्तुगीज सरदार निघून गेले. शेतकरी व कोळी तिथेच राहिले. मृत्यूची खबर देणारी, प्रार्थनेची वेळ सांगणारी वस्तू त्यांच्यापासून दुरावली. आणि ही माणसे परकी नव्हती. त्यांचे वंशज आजही वसईत सामवेदीसारख्या मराठीच्या बोली बोलतात. २०१८ साली आपल्या बडोद्यात ९१वे साहित्य संमेलन भरले. दोनच वर्षांनी उस्मानाबादच्या ९३व्या संमेलनाचे अध्यक्षपद वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले.

वसईच्या विजयाचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. मात्र मुलानातवंडांना मेणवलीची घंटा दाखवाल, तेव्हा चिमाजी अप्पांच्या पराक्रमाबरोबर तिच्यावरील माता कोण आणि त्या घंटेच्या हाकेवर कोणती मराठी माणसे जमत, हेही त्यांना सांगा.