दिनविशेष : १३ एप्रिल २०१६

दुष्काळामुळे ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सर्व सामने महाराष्ट्राबाहेर हलवा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने या दिवशी दिला. आदल्याच दिवशी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली होती. पुण्याजवळच्या गहुंजेतील मैदानावरच्या १ मेच्या सामन्याला पुढे तेवढी सूट मिळाली. त्यानंतर पुण्याचा संघ ‘घरचे’ सामने विशाखापट्टणमला खेळला आणि अंतिम सामना मुंबईऐवजी बंगळूरुत झाला.

संकटकाळी खेळाला अशी मुरड इतरत्रही घातली गेली आहे. जपाननेही २०११ च्या भूकंपानंतर व्यावसायिक बेसबॉलचा हंगाम १२ एप्रिलपर्यंत लांबवला होता. विजेच्या टंचाईमुळे तोक्यो परिसरात एप्रिलमध्ये दिव्यांखालचे सामने टाळले गेले होते.

मैदानाचे पाणी वाचवून लातूरची तहान भागणार नव्हती, हे खरेच. पण ते पाणी येते कुठून, हा प्रश्न २०१६ नंतरही सुटला नाही. २०१८ मध्ये कावेरीच्या पाणीवादामुळे चेन्नईचे सामने गहुंजेत आले, तेव्हा याच न्यायालयाने मैदानासाठी पवना नदीचे पाणी घ्यायला मनाई केली. पाण्यावरून निघालेला संघ पाण्यापाशीच अडला! त्याच पवनेवर अवलंबून असलेल्या पिंपरी-चिंचवडला २०१९ च्या अखेरीस दिवसाआड पाणी सुरू झाले.