सर्टोली पेशी, इनहिबिन आणि परळची प्रयोगशाळा

१/ १९८४ साल. गिरणी संपाला दोन वर्षे उलटून गेली होती आणि गिरणगावातील अनेक भोंगे कायमचे थांबले होते. त्याच परळमध्ये, खोपटहून तासाभराच्या अंतरावर, प्रजनन संशोधन संस्थेतील ए. आर. शेठ आणि त्यांचे सहकारी मानवी वीर्यातून एक प्रथिन वेगळे करत होते. या शोधाची मुळे १८६५ सालापर्यंत मागे जातात.

२/ त्या वर्षी इटलीतील पाविया येथे शिकलेल्या एन्रिको सर्टोली या २३ वर्षांच्या तरुणाने वृषणातील सूक्ष्म नलिकांमध्ये फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या स्वतः शुक्राणू होत नाहीत. मग त्या तेथे कशासाठी असतात, हा प्रश्न पुढील शंभर वर्षे अभ्यासकांना पुरला.

३/ आज उत्तर बरेच स्पष्ट आहे. सर्टोली पेशी नलिकेच्या तळापासून पोकळीपर्यंत उभी असते. वाढत्या शुक्रपेशी तिच्या घड्यांमध्ये विसावतात. ती त्यांना पोषण देते, त्यांनी टाकलेले अवशेष गिळते आणि शेजारच्या सर्टोली पेशींशी घट्ट सांधे जुळवून रक्तातील अनिष्ट घटकांना व रोगप्रतिकारक पेशींना रोखते. तिची निगराणी नसेल, तर शुक्राणू घडत नाहीत.

४/ हे काम चालते मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या आदेशावर. तिचे एफएसएच हे संप्रेरक वृषणात थेट सर्टोली पेशींवर काम करते. परंतु आदेश पुरे झाला, हे पीयूषिकेला कोण कळवते? १९३२ मध्ये मॅक्‌कला यांनी वृषणातील एका जलविद्राव्य घटकाकडे हे काम सोपवले आणि त्याला ‘इनहिबिन’ असे नाव दिले. पदार्थ हाती येण्यापूर्वीच त्याचे बारसे झाले होते.

५/ भारतात या प्रश्नाला राजकीय धार होती. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत पुरुषांची संख्या मोठी होती. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने संमत केले. मात्र त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही. या धास्तीनंतर पुरुषांसाठी शस्त्रक्रियेविना आणि पूर्ववत होता येईल असा उपाय मिळणे, ही मोठीच गोष्ट ठरली असती. इनहिबिनने एफएसएच रोखता आले, तर शुक्राणूनिर्मितीही थांबेल, अशी आशा जगभर होती.

६/ परळच्या गटाने वीर्य निवडले, यामागे तर्क होता. सर्टोली पेशींचा स्राव नलिकेत उतरतो. तेव्हा तो वीर्यात सापडायला हवा. चाचण्यांत एफएसएच दडपणारे एक प्रथिन खरोखरच मिळाले. स्टॉकहोम व माँट्रिऑल येथील अभ्यासकांच्या सहकार्याने त्याची रचना उलगडली : ९४ अमिनो आम्लांची एकच साखळी.

७/ पण १९८५ मध्ये गाई व डुकरांच्या बीजकोशद्रवातून निघालेले इनहिबिन निराळेच होते : दोन वेगळ्या साखळ्या गंधकाच्या बंधाने जोडलेल्या. सर्टोली पेशींचे संप्रेरक हेच. परळचे प्रथिन प्रोस्टेट ग्रंथीतले निघाले. वीर्यातील बहुतेक द्रव वृषणातून येतच नाही. फसगत तेथे झाली.

८/ म्हणून ते श्रम वाया गेले काय? तसे म्हणता येत नाही. ‘पीएसपी-९४’ या नावाने तेच प्रथिन पुढे प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या अभ्यासात महत्त्वाचे ठरले. विज्ञानाचा इतिहास केवळ बरोबर उत्तरांच्या यादीने लिहिला, तर परळचे नाव त्यात येणार नाही, आणि उत्तर कोणत्या शंकांतून गाळून निघाले तेही कळणार नाही.

९/ खऱ्या इनहिबिननेही गर्भनिरोधकाची आशा पुरवली नाही. १९९७ मध्ये फिनलंडमधील असे पाच पुरुष अभ्यासले गेले, ज्यांच्या शरीरात एफएसएचचा संदेश पोहोचतच नव्हता. त्यांच्यात शुक्राणू कमी होते, पण निर्मिती पूर्ण थांबलेली नव्हती. आज ‘इनहिबिन बी’ उपयोगी पडते ते निदानासाठी : रक्तातील त्याच्या प्रमाणावरून सर्टोली पेशींच्या कामाचा अंदाज येतो. मूल न होण्याचा दोष आपोआप सुनेच्या पदरी घालणाऱ्या घरांत ही साधी तपासणी पुष्कळ काही सांगू शकते.

१०/ गर्भनिरोधनाचा भार मात्र जेथल्या तेथेच राहिला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, भारतातील १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रीनसबंदीवर विसंबून होत्या. पतीच्या नसबंदीवर ०.३ टक्के. आणीबाणीच्या सक्तीने पुरुषांच्या मनात बसवलेली भीती आणि प्रयोगशाळांतून न निघालेली गोळी, या दोहोंची किंमत या दोन आकड्यांमधील अंतरात दिसते. ती आजवर स्त्रियांनीच मोजली आहे.